कलामाझूची नावडती

मिशिगन राज्यातल्या कलामाझू गावात पार्सन्स स्ट्रीटवर विटांचा एक जुना कारखाना उभा आहे. गिब्सन कंपनीने तो १९१७ साली बांधला आणि पुढे साठ-पासष्ट वर्षं तिथे मेंडोलिन, बँजो आणि गिटारी घडत राहिल्या. १९५८ ते १९६० या काळात याच कारखान्यातून एक भरीव लाकडाची गिटार बाहेर पडत होती. पाठ महोगनीची, वरचा थर कोरीव मेपलचा, रंग कडेला चेरीसारखा लाल आणि मध्याकडे सरकताना पिवळा होत गेलेला. नाव लेस पॉल स्टँडर्ड. सगळे मिळून सुमारे दीड हजार नग तयार झाले. तेवढ्यांनाही गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा कंपनीने ती बंद करून टाकली.

आज त्या दीड हजारांतली एखादी मूळ रंगाची, मूळ सुट्या भागांची गिटार विकायला निघाली, तर लाखो डॉलरांची बोली लागते. संग्राहक तिला नुसतं ‘बर्स्ट’ म्हणतात. एखाद्या जुन्या घराण्याची वंशावळ राखावी तशी एकेका गिटारीची नोंद ठेवली जाते: ती कोणत्या दुकानातून गेली, कोणाकडे किती वर्षं होती, तिच्या खुंट्या कधी बदलल्या.

नावडतीची अशी पट्टराणी झाली, ती कंपनीच्या जाहिरातीमुळे नव्हे. लंडनमधल्या विशी-बाविशीच्या काही मुलांनी दुकानाच्या भिंतीवरून ती उतरवून घेतली आणि तिच्यातून असा आवाज काढला, जो तिच्या घडवणाऱ्यांच्या डोक्यातही नव्हता. साठच्या दशकातल्या रॉक संगीताच्या वाद्यांचा इतिहास लिहायचा तर तो कारखान्यापासून सुरू करता येतो, पण कारखान्यात तो पुरा होत नाही.

विजेच्या गिटारीचं मूळ दुखणं ऐकू न येण्याचं होतं. नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजू लागले की गिटारवाला नुसता हात हलवताना दिसे. १९३०च्या दशकात तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजेच ‘पिकअप’, बसवायची युक्ती निघाली. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते, ती ॲम्प्लिफायरकडे जाते आणि स्पीकरमधून मोठी होऊन बाहेर येते. पण गिटारीचं पोट पोकळ असलं की स्पीकरचा आवाज त्या पोकळीत शिरतो, लाकूड थरथरतं, तारा आणखी हलतात आणि सगळं एकदम किंचाळू लागतं. लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की जे होतं, तेच.

लेस पॉल हा विस्कॉन्सिनचा वादक. त्याने यावर १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात एक उपाय करून पाहिला. चार इंच बाय चार इंचाचा पाइन लाकडाचा ओंडका घेतला, त्याला गिटारची दांडी जोडली, पिकअप बसवले. ओंडका आवाजाला उत्तम होता, पण दिसायला ओंडकाच. म्हणून एक गिटार उभी कापून तिची दोन अर्धुकं त्याने दोन्ही बाजूंना पंखांसारखी चिकटवली. ही चीज आपण गिब्सनला दाखवली आणि तिथल्या साहेबांनी ती हसण्यावारी नेली, असं तो पुढे आयुष्यभर सांगत असे.

हसू थांबलं ते १९५०मध्ये. कॅलिफोर्नियात फुलर्टन इथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरने सपाट फळीची, चार स्क्रूंनी दांडी जोडलेली भरीव गिटार बाजारात आणली. लिओला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण काय मोडतं आणि काय झटकन दुरुस्त होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गिब्सनचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी उत्तर द्यायचं ठरवलं, ते मात्र गिब्सनच्या खानदानी रीतीने. फेंडरकडे लाकूड कोरून उंचवटा देणारी यंत्रं नाहीत, आपल्याकडे आहेत, मग आपली गिटार व्हायोलिनसारखी कोरीव पोटाचीच असली पाहिजे. मॉडेलला नाव देण्यासाठी लेस पॉल हवाच होता. पत्नी मेरी फोर्डसोबतच्या रेकॉर्डांमुळे तो तेव्हा अमेरिकेत घराघरांत पोचलेला होता. १९५२ साली सोनेरी रंगाची लेस पॉल गिटार बाजारात आली.

सुरुवातीला खप बरा होता. पुढे उतरत गेला.

तो उतरत असतानाच कारखान्याच्या एका कोपऱ्यात सेथ लव्हर नावाचा रेडिओतला जाणकार एका वेगळ्याच प्रश्नामागे लागला होता. एकेरी वेटोळ्याचा पिकअप तारांचा आवाज पकडतो, तसाच घरातल्या विजेचा ‘हंऽऽ’ असा गुणगुणाटही पकडतो. लव्हरने १९५५मध्ये दोन वेटोळी शेजारी शेजारी बसवली. एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या उलट आणि चुंबकाची बाजूही उलट. बाहेरून येणारा गुणगुणाट दोन्हींत विरुद्ध दिशांनी उमटतो आणि एकमेकांना मारून टाकतो. तारांचा आवाज मात्र दोन्हींतून मिळून येतो, म्हणून तो अधिक भरदार होतो. हा ‘हम्बकर’. १९५७पासून तो लेस पॉलवर बसू लागला. पेटंट १९५९मध्ये मिळालं. तोवरच्या पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केलेला आहे’ अशा अर्थाची बारीक चिठ्ठी चिकटवलेली असे आणि पेटंट मिळाल्यावरही काही काळ तीच चिठ्ठी लागत राहिली. आज त्या चिठ्ठीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे पिकअप ‘पीएएफ’ म्हणून ओळखले जातात. वेटोळी गुंडाळणाऱ्या यंत्रांवर वेढ्यांची मोजदाद काटेकोर नव्हती, चुंबकही हाताशी असतील त्या प्रतीचे लागत. त्यामुळे एका पिकअपचा आवाज दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नसे. त्या काळी ही ढिलाई होती. पुढच्या पिढ्यांना तीच हवीहवीशी वाटू लागली.

१९५८मध्ये सोनेरी रंग गेला आणि लाल-पिवळा सनबर्स्ट आला, म्हणजे मेपलच्या लाकडातल्या लाटा दिसू लागल्या. त्या लाल रंगाची एक खोड होती. तो उन्हात टिकत नसे. दुकानाच्या काचेआड चार महिने टांगलेली गिटार खिडकीतल्या लुगड्यासारखी विटत जाई. कुठली मधासारखी झाली, कुठली काळ्या चहासारखी, कुठली अगदी लिंबासारखी पिवळी. १९६०मध्ये कंपनीने न विटणारा रंग आणून ही ‘तक्रार’ मिटवली. आजच्या संग्राहकाला विचारलं तर तो विटलेलीच मागेल.

लोक ती का घेत नव्हते? जड होती. महाग होती, अडीचशे डॉलरांच्या आसपास. जॅझवाल्यांना मोठ्या पोकळ पोटाची गिटार हवी होती. नव्या पोरांना फेंडरचा टणत्कार आवडत होता. मग १९६०च्या अखेरीस गिब्सनने जाड धड टाकून दोन शिंगांची पातळ गिटार काढली. काही काळ तिलाही लेस पॉलचंच नाव होतं, १९६३पर्यंत तेही गेलं आणि ती ‘एसजी’ झाली.

आता अटलांटिकपलीकडे. युद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची इतकी चणचण होती की १९५१ ते १९५९ अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर बंदी होती. ज्या वयात एल्विस आणि बडी हॉली ऐकून बोटं शिवशिवायला लागतात, त्या वयात इंग्रज मुलांच्या हाती जर्मन हॉफनर किंवा चेकोस्लोव्हाकियात बनलेली फ्युचुरामा पडे. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनकडेही फ्युचुरामाच होती. फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही रेकॉर्डच्या वेष्टणावर पाहायची वस्तू. १९५९मध्ये गायक क्लिफ रिचर्डने आपल्या साथीदारासाठी, हँक मार्व्हिनसाठी, अमेरिकेहून लाल स्ट्रॅट मागवली, तेव्हा ती पाहायला वादकांची रीघ लागे. पुढच्याच वर्षी तिच्यावर मार्व्हिनने ‘अपाची’ वाजवली आणि इंग्लंडभर पोरांनी आईबापांकडे लाल गिटारीचा हट्ट धरला.

ही टंचाई समजून घेतल्याशिवाय साठच्या दशकातली वाद्यं समजत नाहीत. त्या मुलांनी निवडून घेतलं असं फार थोडं होतं. मिळालं ते घेतलं. पॉल मॅकार्टनीने १९६१मध्ये हँबुर्गला व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस घेतली, कारण ती तीसेक पौंडांत मिळत होती आणि दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे डावखुऱ्या हातात उलटी दिसत नव्हती. बीटल्सच्या पहिल्या रेकॉर्डांतला तो गुबगुबीत खर्ज या हिशेबातून आला. ती बेस १९७२मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली, तब्बल पन्नासेक वर्षांनी सापडली आणि डिसेंबर २०२४मध्ये मॅकार्टनीने ती लंडनच्या मंचावर पुन्हा गळ्यात घातली.

बंदी उठली तरी अमेरिकी गिटार परवडणारी नव्हतीच. चेरिंग क्रॉस रोड आणि तिच्या कुशीतली डेन्मार्क स्ट्रीट ही लंडनची वाद्यबाजारपेठ. शनिवारी दुपारी तिथे काचेला नाक लावून उभी राहणारी पोरं पुढे जगप्रसिद्ध झाली. लेस पॉल तिथे क्वचित येई, बहुधा सेकंडहँड. कंपनीने बंद केलेला माल म्हणून दुकानदाराला तिचं कौतुक नव्हतं. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने १९६४मध्ये अशीच एक १९५९ची सनबर्स्ट मिळवली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एड सुलिव्हन शोमध्ये ती टीव्हीवर दिसली. पण तिचा खरा स्वभाव जगाला कळायला आणखी दोन वर्षं लागायची होती.

एरिक क्लॅप्टन तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याचं दैवत टेक्सासचा ब्लूजवादक फ्रेडी किंग. किंगच्या १९६१च्या एका एलपीच्या वेष्टणावर त्याच्या गळ्यात सोनेरी लेस पॉल आहे. क्लॅप्टनला त्या चित्रातली गिटार हवी होती, आणि १९६५मध्ये त्याला चेरिंग क्रॉस रोडवरच्या ल्यू डेव्हिसच्या दुकानात एक सनबर्स्ट लेस पॉल मिळाली. जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समध्ये तो नुकताच रुजू झाला होता.

गिटार म्हणजे अर्धंच वाद्य. दुसरं अर्धं पश्चिम लंडनच्या हॅनवेलमध्ये तयार होत होतं. जिम मार्शल हा ड्रम वाजवणारा आणि शिकवणारा माणूस. १९६०मध्ये त्याने ड्रमचं दुकान काढलं. ड्रमर आले, त्यांच्यामागून त्यांचे गिटारवाले दोस्त आले. त्यांत पीट टाउनशेंड होता, रिची ब्लॅकमोर होता. आम्हाला हवा तसा ॲम्प कुठेच मिळत नाही, ही सगळ्यांची तक्रार. अमेरिकी फेंडर बेसमन आवडायचा, पण इंग्लंडात त्याची किंमत डोळे पांढरे करणारी. मार्शलने आपला दुरुस्ती कारागीर केन ब्रान आणि तरुण डडली क्रेव्हन यांना हाताशी घेऊन १९६२च्या सुमारास बेसमनच्या आराखड्यावरून स्वतःचा ॲम्प केला. सुटे भाग मात्र जे इंग्लंडात मिळत होते ते: इंग्रजी ट्रान्सफॉर्मर, इंग्रजी व्हॉल्व्ह, सेलेस्टियनचे स्पीकर. नक्कल करायला गेले, आणि भाग वेगळे पडल्यामुळे हाती आलं ते नवंच. बेसमनपेक्षा हा ॲम्प लवकर ‘तुटत’ होता.

हे तुटणं म्हणजे काय, ते मराठी वाचकाला तंबोऱ्यावरून चटकन कळेल. तंबोऱ्याची तार घोडीवरून नुसती सरळ गेली तर आवाज कोरा येतो. घोडीचा माथा विशिष्ट उताराने घासून तार त्यावर अगदी हलकी घासू दिली, खाली दोऱ्याचा तुकडा सरकवला, की एका स्वरातून अनेक स्वर पिसाऱ्यासारखे फुलतात. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या जी जवारी काढली, ती मुळात एक मोजूनमापून केलेली घासाघीसच आहे. व्हॉल्व्हच्या ॲम्पचंही काहीसं तसं होतं. त्याच्या ताकदीपेक्षा जास्त विद्युतलहर आत आली की लहरीचा वरचा-खालचा शेंडा कापला जातो, आणि त्या कापलेल्या लहरीत मूळ स्वराचे वरचे स्वरांश मिसळतात. आवाज जाड होतो, लांबतो, किंचित खरखरतो. अभियंत्यांच्या पुस्तकात हा दोष होता. हम्बकरचा जोर एकेरी पिकअपपेक्षा जास्त, म्हणून लेस पॉल मार्शलला लावली की तो दोष लवकर येई. भरीव जड लाकडामुळे स्वर रेंगाळे. गुणगुणाट घालवायला केलेला पिकअप, स्वस्तात पडावा म्हणून केलेला ॲम्प आणि खपत नाही म्हणून बंद केलेली गिटार या तिघांची गाठ पडली होती.

१९६६च्या वसंतात ब्लूजब्रेकर्स वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या डेक्का स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला गेले. निर्माता माइक व्हर्नन, ध्वनिमुद्रक गस डजन. ॲम्प हळू ठेवायचा, माइक जवळ लावायचा, ही तेव्हाची स्टुडिओची शिस्त. क्लॅप्टनने मार्शल मंचावर असतो तेवढाच मोठा ठेवला आणि कमी करायला साफ नकार दिला. माइक लांब न्यावा लागला, आवाज दुसऱ्या वाद्यांच्या माइकमध्ये सांडला, डजनची पंचाईत झाली. जुलैमध्ये एलपी आली. वेष्टणावर क्लॅप्टन ‘बीनो’ नावाचं मुलांचं कॉमिक वाचत बसलेला आहे, त्यामुळे ती रेकॉर्ड आजही ‘बीनो आल्बम’ म्हणूनच ओळखली जाते. ब्रिटनच्या यादीत ती सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, देशातल्या झाडून साऱ्या गिटारवाल्यांना एकाच वेळी एकच प्रश्न पडला: हा आवाज निघतो कशातून?

ती गिटार क्लॅप्टनकडे फार काळ राहिली नाही. त्याच वर्षी ‘क्रीम’ या नव्या बँडच्या तालमींच्या काळात ती चोरीला गेली आणि त्याच्या हाती परत आली नाही. कान देऊन ती एलपी ऐकली की वाटतं, रॉकच्या इतिहासातली एवढी मोठी वस्तू काही महिन्यांपुरतीच नजरेसमोर आली आणि गेली. मागे राहिला तो फक्त आवाज.

क्लॅप्टनच्या जागी ब्लूजब्रेकर्समध्ये पीटर ग्रीन आला. त्याच्याकडेही १९५९ची लेस पॉल होती, चेरिंग क्रॉस रोडवरच्याच सेल्मरच्या दुकानातून शंभराहून थोड्या जास्त पौंडांत घेतलेली. तिच्यात एक खोट होती. दांडीजवळच्या पिकअपमधलं चुंबक उलटं बसलेलं होतं. एकेक पिकअप वेगळा वाजवला तर काही कळत नसे. दोन्ही एकदम लावले की खर्ज एकमेकांत विरून जाई आणि उरे एक पोकळ, नाकातून येणारा, विव्हळणारा आवाज. दुसऱ्या कोणी ती दुरुस्तीला दिली असती. ग्रीनने त्या आवाजाभोवती आपलं वादन रचलं. १९६७मध्ये त्याने फ्लीटवूड मॅक हा बँड काढला. स्वरांमध्ये भरपूर मोकळी जागा सोडून वाजवणारा तो वादक होता, आणि त्या जागांमध्ये ती खोट स्वच्छ ऐकू येते.

अमेरिकेत लेस पॉलला नाव मिळवून देण्याचं काम शिकागोच्या माइक ब्लूमफील्डने केलं. आधी त्याच्याकडे १९५४ची सोनेरी लेस पॉल होती. १९६७मध्ये ती आणि वर शंभर डॉलर देऊन त्याने डॅन अर्लवाइन याच्याकडून १९५९ची सनबर्स्ट घेतली. हा अर्लवाइन पुढे गिटार दुरुस्तीतला मोठा गुरू झाला. ब्लूमफील्ड ज्या ज्या गावी वाजवायला जाई, तिथल्या दुकानांत दुसऱ्या दिवशी जुन्या लेस पॉलची चौकशी सुरू होई. त्याचं स्वतःचं त्या गिटारीशी वागणं मात्र बेफिकीर. १९७४मध्ये व्हँकुव्हरचे ठरलेले कार्यक्रम अर्धवट टाकून तो निघून गेला, गिटार तिथेच राहिली आणि क्लबच्या मालकाने नुकसानभरपाई म्हणून ठेवून घेतली.

ह्यूस्टनच्या बिली गिबन्सची हकिकत तर लोककथेसारखी आहे. तो सांगतो की, एका मैत्रिणीला हॉलिवूडपर्यंत जायला मित्रांनी एक जुनीपुराणी पॅकार्ड मोटार दिली. ती सुखरूप पोचली, तिला काम मिळालं, म्हणून त्या गाडीचं नाव त्यांनी ‘पर्ली गेट्स’, स्वर्गाचं दार, असं ठेवलं. पुढे गाडी विकली गेली आणि गिबन्सच्या वाट्याचे पैसे आले, नेमके ज्या दिवशी गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याने पलंगाखाली ठेवलेली १९५९ची लेस पॉल विकायला काढली होती. अडीचशे डॉलरांत ती मिळाली. गाडीचं नाव गिटारीला मिळालं आणि त्याच्या झीझी टॉप या बँडच्या पहिल्या एलपीपासून ती वाजते आहे.

जिमी पेजने लेड झेपलिनची पहिली एलपी फेंडरच्या टेलिकास्टरवर वाजवली होती. १९६९मध्ये जो वॉल्शने त्याला आपली एक बर्स्ट विकली आणि दुसऱ्या एलपीपासून पेज आणि लेस पॉल हे समीकरण झालं. तोपर्यंत फुकट गेलेला माल दुर्मीळ झाला होता.

यातला एक धागा मुंबईतून जातो. जॉर्ज हॅरिसन सप्टेंबर १९६६मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला मुंबईत आला, तेव्हा ताजमहाल हॉटेलबाहेर गर्दी जमली होती. जानेवारी १९६८मध्ये तो पुन्हा आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी भारतीय वादकांसोबत ध्वनिमुद्रण केलं. त्यांत संतूरवर शिवकुमार शर्मा होते. सतारीची दोनेक वर्षं अशी गेल्यावर तो पुन्हा गिटारीकडे वळला, त्याच सुमारास क्लॅप्टनने त्याला एक लेस पॉल भेट दिली, १९५७ची, मूळची सोनेरी आणि नंतर लाल रंगवलेली. हॅरिसनने तिचं नाव ल्यूसी ठेवलं. सप्टेंबर १९६८मध्ये त्याच्या ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ या गाण्यासाठी ती क्लॅप्टनने स्वतः वाजवली. १९७३मध्ये ल्यूसीही चोरीला गेली. ती परत मिळावी म्हणून हॅरिसनने बदल्यात एक १९५८ची सनबर्स्ट दिली. आजच्या बाजारभावाने हा व्यवहार वेडेपणाचा ठरेल. त्याला ल्यूसीच हवी होती.

लाकडाचा धागाही भारतापर्यंत येतो. पन्नास-साठच्या दशकांतल्या बहुतेक गिब्सनच्या दांडीवरची पडद्यांची पट्टी ब्राझीलच्या रोझवूडची असे. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात आवळली, तेव्हा मार्टिनसारख्या गिटार कंपन्या १९६९पासून भारतीय रोझवूडकडे वळल्या. हे लाकूड म्हणजे आपल्या ओळखीचं शिसव, कोकणातल्या घरांत ज्याचे झोपाळे आणि पलंग असत ते. १९९२पासून ब्राझीलच्या रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली आणि जुनी गिटार सीमेपलीकडे विकायची तर सरकारी परवान्याचे कागद जोडणं भाग झालं.

मागणी पाहून गिब्सनने १९६८मध्ये लेस पॉल पुन्हा सुरू केली. पण जी मुलं मागत होती, ती नव्हे. सोनेरी रंगाची, जुन्या एकेरी पिकअपची आली, काळी कस्टम आली, पुढे छोट्या हम्बकरची डिलक्स आली. मालकी बदलून नॉर्लिन कंपनीकडे गेली, लाकडाचे थर वाढले, गिटारी जड झाल्या. फेंडरचीही तीच गत होती. लिओ फेंडरने जानेवारी १९६५मध्ये आपली कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरांना सीबीएसला विकली होती, आणि त्यानंतरच्या मालाचा दर्जा घसरला असं वादक उघड बोलू लागले. सीबीएसपूर्व फेंडर आणि साठपूर्व लेस पॉल हे शब्द दुकानांत ऐकू येऊ लागले, आणि ‘सेकंडहँड’ची ‘व्हिंटेज’ झाली ती इथे. त्याआधी जुनी गिटार म्हणजे फक्त जुनी गिटार होती.

भाव चढले तसे नकली मालाचे कारखानेही निघाले. आज जाणकार जुन्या गिटारीवर अंधारात अतिनील दिवा धरतात. त्या काळचं नायट्रोसेल्युलोज लॅकर त्या उजेडात हिरवट-पिवळं चमकतं, नंतर मारलेला हात काळा उठून दिसतो. पिकअपखालची चिठ्ठी, डाखाचा रंग, लॅकरला गेलेल्या केसासारख्या तड्यांची दिशा, सगळं तपासलं जातं. या साऱ्या तपासणीनंतर बहुतेक गिटारी तिजोरीत जातात आणि वाजत नाहीत. हे दुखण्यासारखं आहे, कारण ज्यांनी त्यांना मोल मिळवून दिलं त्यांच्यापैकी कोणीच त्या जपल्या नव्हत्या. त्यांनी त्या रोज वाजवल्या, घामाने लॅकर उडवलं, गाडीच्या डिकीत टाकल्या, गहाण ठेवल्या, हरवल्या.

कलामाझूचा कारखाना १९८४मध्ये बंद झाला. उत्पादन दक्षिणेला नॅशव्हिलला गेलं. काही जुन्या कारागिरांनी गाव सोडायला नकार दिला आणि पुढच्याच वर्षी त्याच पार्सन्स स्ट्रीटच्या इमारतीत ‘हेरिटेज’ नावाने स्वतःच्या गिटारी सुरू केल्या.

पीटर ग्रीनची गिटार मात्र तिजोरीत गेली नाही. १९७०मध्ये त्याने फ्लीटवूड मॅक सोडला. पुढे ती लेस पॉल त्याने बेलफास्टच्या गॅरी मूर या पोरसवदा वादकाला दिली, मूरला आपली गिटार विकून जेवढे पैसे आले जवळपास तेवढ्यातच. मूरने तिच्यावर तीस वर्षांहून अधिक काळ वाजवलं आणि १९९५मध्ये ग्रीनच्या गाण्यांची ‘ब्लूज फॉर ग्रीनी’ ही अख्खी सीडी काढली. २००६मध्ये त्याने ती विकली. २०१४पासून ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे आणि तो ती जगभरच्या मैदानांवर घेऊन फिरतो. २०२३मध्ये गिब्सनने तिची हुबेहूब नक्कल बाजारात आणली. नॅशव्हिलच्या कारागिरांनी रंग तितकाच विटवला, ओरखडे जागच्या जागी काढले, आणि शेवटी दांडीजवळचा पिकअप उघडून त्यातलं चुंबक मोजूनमापून, मुद्दाम, उलटं बसवलं.